पाण्याची जागा नकाशावर

या सत्रातल्या मॅप रीडिंगच्या एका तासाला सरांनी बंगळूरची टोपोशीट टेबलावर पसरली. सर्व्हे ऑफ इंडियाची, १:५०,००० प्रमाणाची, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. प्रश्न एकच होता : "या शहरातली नदी दाखवा." वेळ पाच मिनिटे.

आम्ही आठ जण शीटवर वाकलो. कोणाला नदी सापडली नाही. एकाने रेल्वेमार्गावर बोट ठेवले आणि सगळ्यांना हसू आवरेना. सर म्हणाले, "बरोबर आहे, नदी नाहीच. आता निळे काय काय दिसते ते सांगा."

निळे पुष्कळ होते. लहानमोठी तळी. ती कुठेही विखुरलेली नव्हती. समोच्च रेषांचे व्ही जिथे जिथे चढाकडे टोक करून उभे होते, म्हणजे जिथे री-एन्ट्रंट होता, तिथे तिथे एकाखाली एक अशी तळी ओवलेली होती. सरांनी पेन्सिल फिरवायला सांगितली. वरच्या तळ्यातून सुरुवात केली की पेन्सिल आपोआप खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या तळ्यात जायची. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाईल अशा पठाराच्या माथ्यावर बसले आहे. इथे पाऊस पडतो आणि निघून जातो. म्हणून जुन्या लोकांनी प्रत्येक खोलगट भागात मातीचा बांध घालून पाणी अडवले. तळ्याला कन्नडमध्ये केरे म्हणतात, जास्तीचे पाणी बाहेर पडते त्या सांडव्याला कोडी आणि ते पाणी पुढच्या तळ्याकडे नेणाऱ्या नाल्याला राजकालुवे. पूर्वेकडचे पाणी असे उतरत उतरत दक्षिण पिनाकिनीला मिळते, पश्चिमेकडचे वृषभावती आणि अर्कावतीमार्गे कावेरीला.

हा तास माझ्या डोक्यातून गेला नाही, त्याचे कारण घरचे आहे.

माझे घर सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. आयर्विन पुलावर कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या गल्लीत ते रात्री आले, आवाज न करता. सकाळी जिन्याच्या पाच पायऱ्या दिसत होत्या, दुपारी दोन. तिसऱ्या दिवशी लष्कराच्या बोटीतून आजीला आणि मला बाहेर काढले. मी या शाळेची प्रवेश परीक्षा देण्याचा हट्ट धरला तो त्या बोटीमुळे, पण तो वेगळा विषय आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. २००५ चा पूर मोठी माणसे सांगतात.

आणि या जूनमध्ये काकांनी फोनवर सांगितले की त्यांनी तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला आहे, स्वस्तात मिळाला. कुठे, तर नाल्याच्या कडेला, जिथे पूर्वी उसाचे पीक असायचे आणि पावसाळ्यात बेडूक ओरडायचे. घर बांधायला वीस वर्षांचे कर्ज काढणार आणि त्याआधी मुरूम टाकून चार फूट भर घालणार.

आता मूळ विषयाकडे येतो. हल्ली शहरांबद्दलच्या चर्चेत 'नेचर-बेस्ड सोल्यूशन्स' हा शब्द येतो. मराठीत निसर्गाधारित उपाय म्हणू. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने त्याची व्याख्या ठरावाने मान्य केली. सोप्या भाषेत सांगायचे तर पूर, उष्मा, पाणीटंचाई यांसारख्या माणसाच्या अडचणी सोडवण्यासाठी माती, झाडे, तळी, दलदल, खारफुटी यांनाच कामाला लावायचे, आणि ते करताना तिथल्या जीवसृष्टीचेही भले झाले पाहिजे. नुसती रोपे लावणे म्हणजे निसर्गाधारित उपाय नव्हे. आपल्या मैदानाच्या कडेला दर जुलैत त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते, हे जुन्या कॅडेट्सना माहीत आहेच.

माती नक्की काय काम करते हे पाहायला आम्ही एक प्रयोग केला. मेसमधून रसगुल्ल्याचा रिकामा डबा आणला, दोन्ही बाजूंची झाकणे कापली, तो दोन बोटे जमिनीत दाबला आणि वरून अर्धा लिटर पाणी ओतून घड्याळ लावले. शाळेमागच्या मोठ्या झाडाखाली, जिथे पालापाचोळा कोणी झाडत नाही, पाणी नऊ मिनिटांत मुरले. परेड ग्राउंडवर चाळीस मिनिटांनी पाहिले तर पातळी जेमतेम बोटभर उतरली होती, आणि तेवढ्यात फॉल इनची शिट्टी झाली. इतकी वर्षे आपण सगळे मिळून ज्या जमिनीवर टाचा आपटतो ती पाणी कशी पिणार?

गणित करून पाहा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी होते. १०,००० लिटरचे पन्नास टँकर. ही एका हेक्टरची गोष्ट. जमीन झाडाखालच्यासारखी असेल तर यातले बरेच पाणी खाली जाते. काँक्रीट असेल तर पन्नासही टँकर एकाच वेळी रस्त्यावर येतात.

'एकाच वेळी' हे शब्द महत्त्वाचे. रात्रीच्या जेवणाला एकेक हाऊस सोडले तर मेसचे दार पुरते. सगळी हाऊसेस एकदम सोडली तर त्याच दाराशी चेंगराचेंगरी होते. मुले तितकीच, दारही तेवढेच. तळ्यांची साखळी पाण्याला हाऊसप्रमाणे थांबवून सोडते. वरचे तळे भरेपर्यंत खालच्याला उसंत मिळते. नाल्याच्या काठची माती, गवत, वळणे हीसुद्धा पाण्याला थांबवतात. नाला सरळ करून दोन्ही बाजूंना आणि तळाला काँक्रीट केले की पाणी आपल्या दारातून लवकर जाते हे खरे, पण ते खालच्या वस्तीच्या दारात तितक्याच लवकर पोहोचते.

मग ही साखळी तुटली कशी? मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येतो. बंगळूर स्टेशनच्या समोर मॅजेस्टिकचा मोठा बसस्टँड आहे. तो धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर उभा आहे. कंठीरवा स्टेडियम, जिथे आम्ही अ‍ॅथलेटिक्सला टाळ्या वाजवायला गेलो होतो, ते संपंगी तळ्यात आहे. करगा उत्सवासाठी त्या तळ्याचा एक लहानसा तुकडा तेवढा ठेवला आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे क्रीडाग्राम कोरमंगल तळ्याच्या जागी झाले. यातले काहीही चोरून झालेले नाही. १८९० च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचे पाणी आले, १९७४ मध्ये कावेरीचे आले, आणि मग तळी ही पाण्याची जागा न राहता शहराच्या मधोमध असलेली रिकामी जागा झाली. (बंगळूर काही काळ शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्या काळी इथे पाणी हवे तर तळेच होते. तेव्हा तळे बुजवायचा विचार कोणाच्या मनात आला असता तर त्याला लोकांनी वेड्यात काढले असते, असे मला वाटते.)

सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर भागात आणि आउटर रिंग रोडवर पाणी भरले आणि संगणक कंपन्यांतले लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामावर गेले. ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. टोपोशीटवर तो भाग पाहिला की आश्चर्य वाटत नाही. पेन्सिल तिथेच उतरते.

पण साखळी चालू ठेवता येते, हेही आम्ही पाहिले. भूगोलाच्या सहलीत सर आम्हाला शहराच्या उत्तरेला जक्कूर तळ्यावर घेऊन गेले. तिथे आधी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, दिवसाला १ कोटी लिटर क्षमतेने सुरू झालेले. केंद्रातून निघालेले पाणी थेट तळ्यात जात नाही. ते आधी मुद्दाम केलेल्या उथळ दलदलीतून संथपणे फिरते. पाणकणीस आणि इतर वनस्पती त्यातले नायट्रेट, फॉस्फेट शोषतात, गाळ खाली बसतो, आणि मग ते तळ्यात येते. तळ्यात झोळीवाले पेलिकन होते, मासेमारीची जाळी होती. तळ्याचे पाणी खाली मुरून आसपासच्या विहिरींनाही मिळते. तळे भरले की कोडीवरून पाणी खालच्या राचेनहळ्ळी तळ्याकडे निघते.

मला वाटले होते, दलदल केली की काम संपले. तसे नाही. वनस्पती वेळच्या वेळी कापून बाहेर काढाव्या लागतात. नाहीतर त्या तिथेच कुजतात आणि शोषलेले सारे पाण्याला परत देतात. म्हणजे मशीन नसले तरी ड्यूटी रोस्टर लागतेच. आणि आधीचे शुद्धीकरण केंद्र बंद पडले, तर एकटी दलदल शहराचे सांडपाणी पेलू शकत नाही. सिमेंटचे केंद्र आणि दलदल दोघे मिळून काम करतात. भांडण लावायची गरज नाही.

याच शहरातल्या बेळ्ळंदूर तळ्याची गोष्ट उलटी आहे. सुमारे ९०० एकरांचे हे तळे. वर्षानुवर्षे प्रक्रिया न केलेले सांडपाणी त्यात आले, साबणाच्या फेसाचे डोंगर रस्त्यावर आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तळ्याला आग लागली. पाण्याच्या जागेला आग! ती विझवायला लष्कराचे जवान उतरले. आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला पुढे कोणती ड्यूटी येईल सांगता येत नाही.

इथपर्यंत मी निसर्गाबद्दल लिहिले. पण जास्त वेळ माझा एका आकड्याने घेतला. तळ्याच्या कडेपासून किती मीटरपर्यंत बांधकाम करायचे नाही? बंगळूरच्या २०१५ साठीच्या सुधारित मास्टर प्लॅनमध्ये हे अंतर ३० मीटर होते. मे २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते ७५ मीटर केले, मोठ्या आणि लहान नाल्यांसाठीही अंतरे ठरवून दिली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा हा भाग रद्द केला.

वाचून मला राग आला होता. ७५ चे ३० झाले, पाण्याची जागा गेली, एवढेच मला दिसत होते. नागरिकशास्त्राच्या मॅडमनी मला निकालातला मुद्दा समजावून दिला. मास्टर प्लॅन कायद्याखाली तयार होतो, म्हणून त्यातल्या अंतराला कायद्याचे बळ आहे. ते अंतर बदलण्याचा अधिकार लवादाला नाही. म्हणजे ७५ मीटर हवे असतील तर ते आराखड्यातच आणावे लागतील, आराखडा करताना, लोकांच्या हरकती ऐकून, प्रत्येक नाल्याचे मोजमाप करून. नंतर कोणी चांगल्या हेतूने आकडा वाढवला तरी तो टिकत नाही.

तेव्हा मला टोपोशीट आणि आराखडा यांतला फरक कळला. टोपोशीट पाणी कुठे आहे ते दाखवते. आराखडा पाण्याला तिथे राहू देतो की नाही ते ठरवतो. धर्मांबुधी तळे नकाशावर होतेच की.

आता सांगली. इथे मी एक चूक केली, ती सांगतो. काकांच्या प्लॉटची मला एवढी खात्री होती की मी सरांकडून सांगलीची टोपोशीट मागून घेतली. काहीच दिसेना. त्या शीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. ५७ फूट म्हणजे साडेसतरा मीटरच. आमचा अख्खा पूर दोन रेषांच्या मधल्या पांढऱ्या जागेत मावतो! बंगळूरच्या चढउतारावर जी शीट सगळे बोलली, ती कृष्णाकाठच्या सपाटीवर गप्प बसली.

तिथे दुसरा नकाशा लागतो, पूररेषेचा. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. '२५ वर्षांतून एकदा' हे शब्द फार फसवे आहेत. काकांना वाटते, २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत काळजी नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते. म्हणजे एखादे वर्ष कोरडे जाण्याची शक्यता ०.९६. सलग वीस वर्षे कोरडी जाण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, तो येतो ०.४४. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरात कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के. हे गणित मी गणिताच्या सरांकडून तपासून घेतले आहे.

माझ्या हाऊसमधला एक जण म्हणाला, "सांगलीतही तळी केली असती तर पूर आला नसता का?" प्रश्न चांगला आहे आणि उत्तर 'नाही' असे आहे. बंगळूरमध्ये शहरावर पडलेला पाऊसच शहराला बुडवतो, त्यामुळे तो जागोजागी थांबवला की फरक पडतो. सांगलीला बुडवणारे पाणी घाटातून, कोयना आणि कृष्णेच्या खोऱ्यातून येते. शहरातली तळी त्याच्यापुढे वाटीएवढी. तिथे उपाय एकच, नदी पसरते तेव्हा तिला पसरायला जागा मोकळी ठेवणे. मळीची शेते, नाल्यांचे काठ, कुरणे. वर्षाचे बाकीचे महिने तिथे पीक घ्या, खेळाचे मैदान करा.

नेदरलँड्ससारख्या, बांध घालण्यात जगात पुढे असलेल्या देशालाही हेच करावे लागले. १९९५ मध्ये पुराच्या भीतीने तिथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी 'रूम फॉर द रिव्हर' हा कार्यक्रम आखला आणि तीसहून अधिक ठिकाणी नदीची जागा नदीला परत दिली. नायमेखेन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला. त्यासाठी सुमारे ५० घरे हटवावी लागली, आणि खर्च सरकारने केला.

हे सगळे मी रविवारच्या फोनमध्ये काकांना सांगितले. फोनला दहा मिनिटे मिळतात, त्यातली आठ मी बोललो. मग काका म्हणाले, "अरे, तुझं गणित बरोबर असंल. पण प्लॉटात माझे बारा वर्षांचे पैसे आहेत. मी नाही बांधलं तर ते मला कोण देणार? आणि शेजारच्यानं तर आधीच भर टाकलीय. त्याचं पाणी माझ्याकडंच येणार की नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर मॅडमना विचारले तेव्हा कळले की काकांचा प्रश्नच खरा धोरणाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यात जागेवर आरक्षण टाकता येते, उद्यानासाठी, मैदानासाठी. पण आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही ताबा घेतला नाही तर आरक्षण संपते. म्हणजे नकाशावर हिरवा रंग दिला आणि अंदाजपत्रकात पैसे ठेवले नाहीत, तर तो रंग दहाबारा वर्षांत उडतो. मोकळ्या राहिलेल्या नाल्याचा फायदा सगळ्या शहराला होणार आणि नुकसान एकट्या तीन गुंठेवाल्याने सोसायचे, असे असेल तर तो रात्री मुरूम टाकणारच. मी काकांच्या जागी असतो तर कदाचित मीही टाकला असता.

त्यांच्या शेजाऱ्याबद्दलचे म्हणणेही खरे आहे. भर घातल्याने पाणी कमी होत नाही, फक्त पत्ता बदलते. चार फूट भर घातलेल्या तीन गुंठ्यांवर चार फूट पुराचे जे पाणी उभे राहिले असते, ते साधारण ३७० घनमीटर होते, सदतीस टँकर. ते आता दुसऱ्या कोणाच्या तरी उंबऱ्यावर जाणार. भर घालायला परवानगी द्यायची की नाही हे म्हणूनच एकेका मालकावर सोडता येत नाही. संपूर्ण नाल्याचा एकत्र नकाशा आणि एकत्र नियम लागतो.

मागच्या रविवारी काकांचाच फोन आला. मुरमाचे ट्रॅक्टर दिवाळीपर्यंत थांबवले आहेत, त्यापुढचे अजून ठरलेले नाही. सुट्टीत आम्ही दोघे पूररेषेचा नकाशा पाहायला जाणार आहोत, प्लॉट निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर ते गट नंबर लावून बघायचे आहे. आजीने तिला सोबत न्या म्हणून सांगितले आहे. नाला पूर्वी कुठून वाहायचा ते तिला माहीत आहे, कागद बघायची गरज नाही म्हणते. मी रसगुल्ल्याचा डबाही नेणार आहे. आमच्या काळ्या मातीत अर्धा लिटर पाणी मुरायला किती वेळ लागतो ते काकांच्या समोर मोजायचे आहे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी